काळ्या मृत्यूच्या वारसांना एड्स होत नाही? एका लाडक्या कथेची झडती

धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

इतिहासप्रेमींच्या समूहांत दर काही महिन्यांनी एक गोष्ट नव्याने फिरू लागते. चौदाव्या शतकात प्लेगने युरोपची एकतृतीयांशाहून अधिक माणसे मारली. जी वाचली, त्यांच्या अंगी एक जनुकीय बदल होता. तो बदल त्यांच्या वंशजांकडे उतरला आणि सहाशे वर्षांनी त्यानेच त्यांना एड्सपासून वाचवले. सोबत चोचीचा मुखवटा घातलेल्या वैद्याचे चित्र असते. (हा मुखवटा सतराव्या शतकातला. चौदाव्या शतकाशी त्याचा संबंध नाही, पण ते असो.)

गोष्ट सुरेख आहे. तिच्यात महामारी आहे, पूर्वजांचे दुःख आहे, प्रयोगशाळा आहे आणि सुखान्तही आहे. माझे मत मात्र आरंभीच नोंदवतो: इतिहासाच्या अभ्यासकांनी ही गोष्ट सांगणे आता थांबवावे. तिचा पाया खचून वीस वर्षे झाली, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ‘अमुक लोकांच्या रक्तातच रोगाला अटकाव आहे’ या समजुतीने इतिहासात माणसे मारलेली आहेत. त्याकडे येण्यापूर्वी मूळ शोध काय होता ते पाहू, कारण तो शोध खरा आहे आणि कथेपेक्षा अधिक विलक्षण आहे.

न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचे एक चित्रकार राहत. १९८२ मध्ये त्यांचे सहचर जेरी ग्रीन वारले. त्या काळी या रोगाला धड नावही मिळालेले नव्हते. पुढल्या दशकात क्रोन यांचे मित्र एकामागून एक गेले. क्रोन यांना मात्र काहीच झाले नाही. त्यांचे जगणे मित्रांहून निराळे नव्हते, त्यामुळे सावधगिरी बाळगली म्हणून वाचले असेही म्हणता येत नव्हते. ‘माझी तपासणी करा, काहीतरी सापडेल’ असे ते स्वतःच डॉक्टरांना सांगत राहिले. अखेर १९९०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या ॲरन डायमंड एड्स संशोधन केंद्रात त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांत एचआयव्ही सोडण्यात आला. पेशींना लागण झाली नाही. विषाणूचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढवले, तरीही नाही.

या ‘नाही’चे उत्तर १९९६ च्या उन्हाळ्यात मिळाले. एचआयव्ही पेशीत शिरतो तो सीडी४ नावाच्या प्रथिनाला धरून, हे १९८४ पासून ठाऊक होते. पण केवळ ती कडी हाती लागून दार उघडत नाही, दुसरेही काही लागते, असा संशय होता. ते दुसरे काही म्हणजे सीसीआर५ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, असे त्या वर्षी जूनमध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले. ऑगस्टमध्ये क्रोन यांच्या पेशींचे रहस्य उलगडले. सीसीआर५ची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यातली बत्तीस अक्षरे त्यांच्याकडे गळलेली होती, आणि तीही आईकडून आलेल्या व वडिलांकडून आलेल्या अशा दोन्ही प्रतींत. बत्तीसला तिनाने भाग जात नाही. जनुकाचे वाचन तीन-तीन अक्षरांनी होत असल्यामुळे गळतीच्या पुढचा सारा मजकूर निरर्थक होतो, प्रथिन अर्धवट बनते आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. विषाणू येतो, पण दारच नसते. या गळतीला ‘डेल्टा ३२’ म्हणतात.

ब्रुसेल्समधील मार्क पारमॉंतिए यांच्या गटानेही त्याच महिन्यात तीच गळती प्रसिद्ध केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील मायकेल डीन आणि स्टीफन ओब्रायन यांच्या गटाचे आकडे आले, आणि ते आकडे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटतात. त्यांनी १,९५५ जणांची जनुके तपासली होती. त्यांपैकी १,३४३ जणांना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांच्यात दोन्ही प्रती गळालेला एकही माणूस निघाला नाही. विषाणूशी संबंध येऊनही लागण न झालेले ६१२ जण होते. त्यांच्यात असे १७ जण निघाले. एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला सतरा.

पण याच आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि कथा सांगणारे ती हमखास गाळतात. ६१२ मधून १७ वजा केले की ५९५ उरतात. ही माणसेही विषाणूच्या वाटेत आली होती आणि वाचली होती. त्यांच्याकडे दोन गळक्या प्रती नव्हत्या. ती का वाचली याचे उत्तर या चाचणीत नाही.

आता चाचणीविषयी, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. जनुकशास्त्रात याहून सोपी चाचणी क्वचितच सापडेल. गालाच्या आतून कापसाच्या काडीने थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांतला डीएनए वेगळा करायचा. गळतीच्या दोन्ही अंगांना चिकटतील असे दोन छोटे तुकडे वापरून मधला भाग पीसीआरने कोट्यवधी पटींनी वाढवायचा. मग तो जेलच्या पातळ थरात ठेवून वीजप्रवाह सोडायचा. लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत अखंड प्रतीचा तुकडा १८९ अक्षरांचा येतो आणि गळक्या प्रतीचा १५७ अक्षरांचा. वरची एकच रेघ दिसली तर दोन्ही प्रती अखंड. खालची एकच दिसली तर दोन्ही गळक्या. दोन्ही रेघा दिसल्या तर एक अखंड, एक गळकी. कॉलेजातला विद्यार्थीही हे एका दिवसात करू शकतो.

सोपी चाचणी हाती आली की ती जगभर लावली जाते. लवकरच नकाशा तयार झाला. उत्तर युरोपात शंभरातल्या साधारण दहा प्रती गळक्या, म्हणजे दोन्ही प्रती गळक्या असलेला माणूस शंभरात एखादा. दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राकडे येताना प्रमाण घटत जाते. आफ्रिकेच्या आणि पूर्व आशियाच्या मूळ लोकसंख्येत ती जवळजवळ नाहीच. भारतातही अत्यंत विरळ, आणि आढळली तर बहुधा एकाच प्रतीत.

असा उतरता नकाशा पाहून कोणाही इतिहासप्रेमीच्या मनात जो प्रश्न येईल तोच ओब्रायन यांच्या मनात आला. हे असे का? एड्स तर कालपरवाचा. त्याने हे प्रमाण वाढवलेले असणे शक्य नाही. मग कोणी वाढवले?

१९९८ मध्ये त्यांच्या गटाने गळतीचे वय काढले: सुमारे ७०० वर्षे. तर्क असा होता. डीएनएची धाटणी पत्त्यांच्या कॅटासारखी समजा. दर पिढीत कॅट पिसला जातो. दोन पत्ते अजूनही शेजारीशेजारी सापडत असतील, तर पिसणे फार वेळा झालेले नाही. डेल्टा ३२ च्या आसपासच्या खुणा अजून तिच्या सोबतच होत्या, अर्थात ती तरुण आहे. आणि इतकी तरुण गळती आपोआप दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकत नाही. कोणत्या तरी भीषण रोगाने गळती नसलेल्यांना वेचून मारले असले पाहिजे. सातशे वर्षांपूर्वी, युरोपात, भीषण रोग. उत्तर समोरच होते. १३४७ ते १३५१.

प्रामाणिकपणे नोंदवायला हवे की त्या निबंधातच या अंदाजाची कक्षा २७५ ते १,८७५ वर्षे अशी दिलेली होती. एवढ्या कक्षेत औरंगजेबही बसतो आणि सातवाहनही. पण ‘सातशे’ हा आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

मग आले ईयम. इंग्लंडच्या डर्बीशायरमधले हे गाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले आणि त्यासोबत प्लेगही. पुढच्या उन्हाळ्यात धर्मगुरू विल्यम मोंपेसन आणि त्यांचे पूर्वाधिकारी थॉमस स्टॅनले यांनी गावकऱ्यांना गाव न सोडण्यास राजी केले. शेजारच्या गावांचे लोक हद्दीवरच्या दगडापाशी अन्न ठेवीत आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी उचलून नेत. चौदा महिन्यांत सुमारे २६० जण दगावले, मोंपेसन यांची पत्नी कॅथरीनही. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. ती मात्र आजारी पडली नाही.

ओब्रायन यांनी नेमके हेच हेरले. असे लोक का वाचले? ज्यांची घराणी तेव्हापासून त्या परिसरात टिकून आहेत अशा आजच्या रहिवाशांची चाचणी झाली, तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी माहितीपट झाला. डेल्टा ३२ चे प्रमाण सुमारे १४ टक्के निघाले. अपेक्षेहून अधिक. एलिझाबेथ हॅनकॉकचा चेहरा, जेलवरच्या रेघा आणि निवेदकाचा गंभीर आवाज एकत्र आले, आणि कथा जगभर पोहोचली. आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून जे फिरते ते त्याच माहितीपटाचे पणतू म्हणावे लागेल.

थोडे थांबून विचार करा. नमुना साधारण शंभर जणांचा. युरोपची सर्वसाधारण पातळीच जिथे दहाच्या आगेमागे, तिथे एका लहान गावात चौदा येणे हे योगायोगाच्या कक्षेत सहज बसते. लहान गावात पिढ्यानपिढ्या आपसांत लग्ने होत असतील तर अधिकच. शिवाय ज्या गळतीने वाचवले म्हणायचे, ती एलिझाबेथ हॅनकॉककडे होती की नाही हे कोणी तपासलेलेच नाही, आणि आजच्या वंशजांवरून ते निश्चित सांगताही येत नाही. एखाद्या किल्ल्याखालच्या गावात आज काही उंच माणसे भेटली म्हणून तीनशे वर्षांपूर्वीचे गडकरी उंच होते, असे कोणी लिहिले तर आपण त्याला पुरावा मागू. इथे तसा कोणीच मागितला नाही, कारण सांगणाऱ्याच्या अंगात पांढरा कोट होता.

यापुढे पाया कसा खचला ते झटपट सांगतो. २००३ मध्ये गॅल्व्हानी आणि स्लॅटकिन यांनी गणिताने दाखवले की प्लेगपेक्षा देवीचा रोग अधिक जुळतो. देवी शतकानुशतके मुलांना मारत होती, प्लेगच्या लाटा तुटक होत्या. २००४ मध्ये सीसीआर५ नसलेल्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचले, तर ते अखंड सीसीआर५ असलेल्या उंदरांइतकेच मेले. २००५ मध्ये जर्मनीतील लिश्टेनस्टाइन गुहेतल्या कांस्ययुगीन हाडांत, म्हणजे जवळपास २,९०० वर्षांपूर्वीच्या माणसांत, डेल्टा ३२ सापडली, आणि तीही आजच्याशी तुलना होईल अशा प्रमाणात. ल्यूबेकमध्ये चौदाव्या शतकात प्लेगने मेलेल्यांच्या हाडांतही तिचे प्रमाण काही कमी नव्हते. गळती प्लेगपासून वाचवत असती तर मेलेल्यांमध्ये ती विरळ दिसायला हवी होती. त्याच वर्षी पार्डिस साबेती आणि सहकाऱ्यांनी अधिक अचूक नकाशे वापरून वय पुन्हा काढले: पाच हजार वर्षांहून अधिक. कॅट किती जोराने पिसला जातो, याचाच आधीचा हिशेब कच्चा होता. आणि २०२५ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी प्राचीन सांगाड्यांतले नऊशेहून अधिक जनुकसंच तपासून असा निष्कर्ष काढला की ही गळती काळ्या समुद्राच्या परिसरात ६,७०० ते ९,००० वर्षांपूर्वी एका व्यक्तीत उद्भवली आणि तिचे प्रमाण मुख्यतः रोमन साम्राज्याच्या आरंभापूर्वीच वाढून झाले होते. काळा मृत्यू त्यानंतर हजारभर वर्षांहून अधिक काळाने आला.

या साऱ्याचा अर्थ महामारी जनुकांवर ठसा उमटवीतच नाही, असा मी काढत नाही. २०२२ मध्ये लंडन आणि डेन्मार्कच्या दफनभूमींतील हाडांवरून ईआरएपी२ या दुसऱ्याच जनुकाबद्दल असा दावा झाला, आणि त्याच्या आकडेमोडीवरही पुढे आक्षेप आले. प्रश्न जिवंत आहे, तो जिवंतच राहू द्यावा.

मग मी इतका का चिडतो? निरुपद्रवी कथा आहे, मुलांना विज्ञानाची गोडी लागते, चालू द्या की, असे अनेकांचे म्हणणे असते. त्यांच्यासाठी थोडे मागे जाऊ. १७९३, फिलाडेल्फिया.

तेव्हा ती अमेरिकेची राजधानी होती. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास. त्या उन्हाळ्यात पीतज्वर आला. (पीतज्वर विषाणूने होतो आणि डासामार्फत पसरतो, पण डासाची भूमिका सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले.) ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनही. आजाऱ्यांजवळ बसायला, मृतांना उचलायला माणसे उरली नाहीत. नामांकित वैद्य बेंजामिन रश यांनी तेव्हा शहरातल्या मुक्त कृष्णवर्णीयांना आवाहन केले की तुम्ही पुढे या, कारण तुमच्या वंशाला हा ताप होत नाही. आधार काय? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी चार्ल्स्टनच्या एका डॉक्टराने केलेले निरीक्षण. रश यांचा हेतू वाईट नव्हता. ते गुलामगिरीचे विरोधक होते. ॲब्सालोम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी हाक ऐकली आणि शेकडो लोक घरोघर गेले.

आणि मरू लागले. ॲलन स्वतः आजारी पडले, कसेबसे वाचले. जोन्स व ॲलन यांनी १७९४ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत दफनांचे साधे आकडे दिले: १७९२ मध्ये शहरात ६७ कृष्णवर्णीय पुरले गेले, १७९३ मध्ये ३०५. पुस्तिका लिहावी लागली तीही सन्मानासाठी. कारण साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने, शुश्रूषा करणाऱ्यांतल्या काहींनी पैसे उकळले आणि चोऱ्या केल्या, असे छापले होते.

चूक कुठे होती? जे लोक पश्चिम आफ्रिकेत वा कॅरिबियन बेटांवर वाढले होते, त्यांतल्या अनेकांना लहानपणीच पीतज्वर येऊन गेलेला असे. एकदा येऊन गेला की जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. ती त्या माणसाने आजार सोसून कमावलेली असते, मुलांना वारशाने देता येत नाही. फिलाडेल्फियात जन्मलेल्या माणसाकडे ती कोठून येणार? चार्ल्स्टनच्या डॉक्टराने कमावलेली गोष्ट वारशाची समजली, कातडीचा रंग ही तिची खूण मानली, आणि त्या गैरसमजावर शेकडो माणसे रोग्यांच्या उशाशी पाठवली गेली. पुढे दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी हाच समज गुलामगिरीच्या समर्थनार्थ वापरला: ही माणसे या हवेसाठीच घडलेली आहेत, तापात राबायला यांनाच पाठवा.

आपल्या भूमीवरही या प्रश्नाची सावली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढची कहाणी या धाग्याच्या वाचकांना पाठ असेल: हाफकिन यांची लस, पुण्यातली तपासणी पथके, २२ जून १८९७ ची रात्र. त्या साथीने पुढल्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबईत गोऱ्यांच्या बंगल्यांत मृत्यू थोडे आणि मांडवीच्या चाळींत ढिगांनी. आजची व्हायरल कथा ज्याच्या मनात पक्की बसली आहे, तो हे वाचून काय म्हणेल? त्यांच्याकडे जनुक होते, आपल्याकडे नव्हते. मी असे लिहिलेले प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि लिहिणारा मराठीच होता.

पण त्या काळातल्या तपासाने जे दाखवले ते वेगळेच आहे. पोल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवांचा संबंध दाखवला, आणि पुढे १९०५ पासून मुंबईत काम केलेल्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर व त्यांच्या अंगावरच्या पिसवा ही साखळी पक्की केली. धान्याची गोदामे, त्यांना लागून उजेड-वाऱ्याविना एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे, घरात मरून पडणारे उंदीर, हे मांडवीत होते आणि मलबार हिलवर नव्हते. १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट निघाला तो रस्ते रुंद करायला आणि वस्त्या फोडायला. (त्याने गरिबांना घरे किती दिली आणि किती पाडली, हा स्वतंत्र धाग्याचा विषय.) सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. रोग्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या बाईंच्या मृत्यूचे कारण कोणाला बत्तीस अक्षरांत शोधावेसे वाटत असेल, तर त्याने आधी त्या काळच्या चाळींचे नकाशे उघडावेत.

चाचणीकडे परत येऊ, कारण ‘चाचणी कधी खोटे बोलत नाही’ हाही एक समज आहे. २०१९ च्या जूनमध्ये एका नामवंत नियतकालिकात निबंध आला. ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून निष्कर्ष असा होता की डेल्टा ३२ च्या दोन प्रती असलेल्यांत वयाच्या ७६ पर्यंत मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी अधिक आहे. जगभर मथळे झळकले. पण या अभ्यासात जेलवरच्या दोन रेघा कोणी पाहिल्याच नव्हत्या. लाखो लोकांसाठी चिपवर होणारी चाचणी वापरली होती, आणि तिच्यात गळतीच्या निकटची एक खूण गळतीऐवजी मोजलेली होती. दोन्ही प्रती गळक्या असलेल्या काही माणसांच्या बाबतीत ती खूण वाचताच येत नव्हती. त्यामुळे नोंदींत अशी माणसे अपेक्षेपेक्षा कमी दिसली, आणि कमी दिसली म्हणजे लवकर मेली, असा अर्थ लागला. प्रत्यक्षात ती माणसे जिवंत होती. उणीव मोजणीत होती. इतर संशोधकांनी बोट दाखवल्यावर ऑक्टोबरमध्ये निबंध मागे घेण्यात आला. मागे घेतल्याचे मथळे फारसे झळकले नाहीत.

मात्र ही गळती म्हणजे निव्वळ वरदान, असेही नाही. वेस्ट नाइल विषाणूची लागण झाली तर दोन्ही प्रती गळक्या असलेल्यांना लक्षणे दिसणारा आजार होण्याची शक्यता अधिक, हे २००६ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरून दिसले. एचआयव्हीपुढेही ती अभेद्य नाही. त्याचे काही प्रकार सीसीआर५ सोडून सीएक्ससीआर४ नावाच्या दुसऱ्या दाराने आत येतात, आणि दोन्ही प्रती गळक्या असूनही लागण झालेली माणसे १९९७ पासून नोंदलेली आहेत. म्हणून घरी मागवलेल्या जनुकीय चाचणीच्या अहवालात ‘एचआयव्हीला प्रतिरोध’ असे वाचून कोणी बेफिकीर झाला, तर तो रश यांच्याच वाटेवर आहे.

त्या वाटेवर सर्वांत दूर गेले ते चीनच्या शेन्झेनमधले हे जियानक्वी. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केले की आपण जुळ्या मुलींच्या भ्रूणावस्थेतच सीसीआर५ जनुकात बदल केले आहेत. प्रत्यक्षात नेमकी डेल्टा ३२ त्यांना साधलीच नाही. जवळपास कुठेतरी वेगळेच काटछाट झालेले तुकडे तयार झाले. ते बदल काय करतात हे पूर्वी कोणी पाहिलेले नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआनचा दंड ठोठावला. त्या मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते, पण बाधित वडिलांपासून अपत्याला लागण होऊ नये यासाठी सोपे आणि सुरक्षित मार्ग तेव्हाही उपलब्ध होते. तरी हेच जनुक का निवडले? मला वाटते, वीस वर्षे जगभर फिरलेल्या कथेचा त्यात वाटा आहे. या जनुकाची ‘इतिहासाने पारखून दिलेले कवच’ अशी ख्याती आधीच झालेली होती.

मग ही चाचणी कोठे शोभते? १९९५ पासून एचआयव्हीबाधित असलेल्या टिमोथी रे ब्राउन यांना २००६ मध्ये रक्ताचा कर्करोग झाला. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात डॉ. गेरो ह्यूटर त्यांच्यासाठी मूलपेशींचा दाता शोधत होते. जुळणारे ८० दाते निघाले. ह्यूटर यांनी एकच जादा अट घातली: दात्याच्या दोन्ही प्रती गळक्या हव्यात. मग एकेका दात्याची तीच साधी चाचणी सुरू झाली. एकसष्ठावा नमुना जुळला. फेब्रुवारी २००७ मध्ये प्रत्यारोपण झाले, औषधे थांबली, विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ब्राउन गेले ते कर्करोग उलटल्यामुळे. दरम्यान २००७ मध्येच सीसीआर५ चे दार औषधाने अडवणारे माराविरॉक अमेरिकेत मान्य झाले, आणि त्यासाठी रुग्ण कोणत्या वंशाचा आहे हे विचारावे लागत नाही. गोळी पुण्यात घ्या वा ऑस्लोत, दार तेच आहे.

स्टीफन क्रोन यांनी या सगळ्यासाठी आपले रक्त वर्षानुवर्षे दिले. २०१३ मध्ये, ६६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. सगळे जवळचे गेले आणि आपण उरलो, याचे ओझे मोठे होते, असे त्यांच्या आप्तांनी सांगितले. व्हायरल कथेत वाचलेल्यांच्या वाट्याला फक्त विजय येतो, म्हणून हेही इथे नोंदवून ठेवतो.

आणि शेवटी जिनिव्हाच्या एका रुग्णाविषयी. त्यांनाही एचआयव्ही आणि कर्करोग दोन्ही होते. २०१८ मध्ये मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये एचआयव्हीची औषधे थांबवण्यात आली, आणि विषाणू परतला नसल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यांच्या दात्याची डेल्टा ३२ साठी चाचणी झालेली होती. दोन्ही प्रती अखंड होत्या.